क्लच धरत नाहीये : १९९४ ची मिआटा दुरुस्त करावी की निरोप द्यावा?

लाल_मिरची (सोमवार)

मंडळी, वाहन विभागात पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

माझ्याकडे १९९४ ची मझदा मिआटा आहे. युरोपात हिलाच एमएक्स-५ म्हणतात. लाल रंग, दोन सीटा, कापडी छप्पर, आणि बटण दाबलं की बेडकासारखे वर येणारे हेडलाइट. १.८ लिटरचं इंजिन, ५ गिअर, १,४१,००० मैल चाललेली. सहा वर्षांपूर्वी एका निवृत्त आजोबांकडून घेतली. क्लच त्यांनी कधी बदलला नव्हता, मीही नाही.

गेल्या महिन्यापासून दोन तक्रारी आहेत. हायवेवर पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएमचा काटा ३००० वरून ४००० वर जातो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगाने चालत राहते. दुसरं म्हणजे सकाळी रिव्हर्स टाकताना खर्रर्र असा आवाज येतो. शेजारच्या आजी खिडकीत येतात. पेडलही हल्ली जवळजवळ तळाला टेकल्याशिवाय काही करत नाही.

इथल्या (मिशिगन) एका गॅरेजने १४५० डॉलर सांगितले. गाडी विकली तर पाच-साडेपाच हजार येतील. म्हणजे पर्याय तीन:

गॅरेजला द्यावी, घरच्या गॅरेजात स्वतः करावं, किंवा विकून मोकळं व्हावं.

माझ्याकडे ट्रॉली जॅक, चार जॅक स्टँड, बऱ्यापैकी पाने आहेत. आजवर ब्रेक पॅड, ऑइल, रेडिएटर एवढं केलंय. धंद्याने सॉफ्टवेअरवाला. बायकोचं मत तिसऱ्या पर्यायाला आहे, आणि ते तिने शांतपणे सांगितलं, त्यामुळे मी जरा घाबरलोय.

शंकासुर (सोमवार)

विका. इलेक्ट्रिक घ्या. क्लचच नसतो. धागा संपला.

कोकणी_खेकडा (सोमवार)

शंकासुर, तुमच्या न्यायाने दात दुखला की कवळी बसवायची.

हिंजवडीचा_हमाल (सोमवार)

मागे माझ्या स्विफ्टचा क्लच बदलला. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी मिळाली. यात एवढं काय आहे?

वैदर्भी (सोमवार)

@हमाल, स्विफ्ट पुढच्या चाकांवर चालते. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी. मिआटाचं इंजिन उभं, मागे गिअरबॉक्स, मागे शाफ्ट, शेवटी डिफरन्शियल, आणि हे सगळं एका लांब अॅल्युमिनियमच्या पट्टीने बांधलेलं. वेगळीच भानगड आहे. मी केलंय, १९९१ च्या १.६ वर, दोनदा. दोनदा का केलं ते सावकाश सांगते.

मिरची, आधी एक सांगा, गाडी गिअरमध्ये असताना आणि क्लच पूर्ण दाबलेला असताना पुढे सरकते का?

टर्नर_फिटर (मंगळवार)

वैदर्भीताईंचा प्रश्न योग्य आहे. त्याच वाटेने पुढे जातो.

चिंचवडला कारखान्यात ३४ वर्षं काढली, त्यामुळे थोडं शिकवल्यासारखं होईल, राग मानू नका. तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही ते एकाच पिशवीत भरलेत.

क्लच सुटत नाही हा एक आजार. पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स पुरते वेगळे होत नाहीत. आतला शाफ्ट फिरतच राहतो आणि रिव्हर्सला खर्रर्र होतं. (पुढच्या गिअरांना सिंक्रो, म्हणजे वेग जुळवून देणारा भाग, असतो, तो निभावून नेतो. रिव्हर्स बिचारा उघडा पडतो.)

क्लच धरत नाही हा दुसरा आजार. पेडल सोडलेलं आहे, प्लेट (क्लचची अस्तर लावलेली चकती) इंजिनाच्या चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, दाबलेली हवी, पण ती घसरतेय. काटा चढतो आणि गाडी चढत नाही.

प्लेट झिजली की धरत नाही, पण सुटते मात्र व्यवस्थित. सुटत नसेल तर संशय हायड्रॉलिकवर घ्यायचा, कारण पेडलमागचा मास्टर सिलिंडर आणि खालचा स्लेव्ह सिलिंडर यांतून तेल गळालं किंवा हवा शिरली की पेडल खाली जातं आणि काटा (आरपीएमचा नव्हे, क्लच सोडवणारा रिलीज फोर्क) हवा तितका हलत नाही.

तेव्हा १४५० डॉलरचा विचार नंतर. गाडीखाली जा. बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या खोक्याच्या) उजव्या अंगाला, बाहेरच, दोन बोल्टांवर स्लेव्ह सिलिंडर असेल. त्याची रबरी टोपी बोटाने सोलून बघा. आत कोरडं हवं.

पेठकर_काका (मंगळवार)

टर्नरसाहेबांनी "सुटत नाही" आणि "धरत नाही" असं जे मराठीत मांडलं ते वाचून बरं वाटलं. नाहीतर हल्ली सगळेच "क्लच इश्यू आहे" म्हणून मोकळे होतात.

आमची प्रीमियर पद्मिनी होती, स्टिअरिंगला गिअर असलेली. १९८१ चा मे महिना, सहकुटुंब महाबळेश्वर. खंबाटकी चढताना समोर ट्रकची रांग. मी हाफ क्लचवर गाडी धरून उभा, शूरासारखा. हँडब्रेक ओढला तर गाडीचा अपमान होईल अशी तेव्हा समजूत होती. थोड्या वेळाने मागून आई म्हणाली, "काहीतरी करपलंय रे." मी म्हटलं, ट्रकचे ब्रेक असतील. पुढच्या वळणावर पद्मिनीने आवाज भरपूर केला, हालचाल शून्य. उलट मागे घसरायला लागली.

उतारू मंडळी पायी वर गेली. आम्ही गाडी उलटी खाली आणली. शिरवळच्या मिस्त्रीने प्लेट काढून हातात दिली, काळीकुट्ट, चकचकीत, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी. तो म्हणाला, "साहेब, क्लच दाबायचा न्हाईतर सोडायचा. मधी ऱ्हायचं न्हाई." आजतागायत मी मध्ये राहिलेलो नाही.

कोकणी_खेकडा (मंगळवार)

काका, राजकारणात तुम्हाला अजिबात वाव नाही.

कॉव्हेंट्रीकर (मंगळवार)

पेठकर काका, झकास!

मिरची, तुम्ही नशीबवान आहात. माझ्याकडे १९७२ ची एमजीबी आहे. तिचा क्लच बदलायचा म्हणजे इंजिनच वर उचलून बाहेर काढायचं, कारण गिअरबॉक्स खालून काढायला वाटच ठेवलेली नाही. मी शनिवारी बॉनेट काढलं, इंजिन क्रेन भाड्याने आणली, आणि त्या दिवशी अंगणात लोंबकळणारं इंजिन बघून आमच्या सासूबाईंनी दृष्ट काढली. इंजिनाची, माझी नव्हे.

एक गंमत बघा. तुमच्या रिलीज बेअरिंगमध्ये (पेडल दाबलं की क्लच सोडवायला रेटतं ते) गोळ्या असतात. एमजीबीला चक्क ग्रॅफाइटचं कडं असतं, ते प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट दाबून धरते ती) घासत राहतं. म्हणजे सिग्नलला पाय क्लचवर ठेवून उभं राहिलं की दर सेकंदाला पेन्सिल झिजतेय असं समजायचं. मी सिग्नलला न्यूट्रल करतो. मागच्याला हॉर्न वाजवू दे.

आणि त्याच काळातल्या ट्रायम्फ स्पिटफायरचा गिअरबॉक्स गाडीच्या *आतून* निघतो. सीटा काढायच्या, मधलं कव्हर काढायचं आणि गिअरबॉक्स मांडीवर घ्यायचा. बाळंतपणच.

स्टुटगार्टी (मंगळवार)

बाळंतपणाचा विषय निघालाच आहे तर पोर्शे ९४४ हजर आहे. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, मध्ये दोघांना जोडणारी टॉर्क ट्यूब. क्लच पुढे इंजिनाला चिकटून. म्हणजे पुढची प्लेट बदलायला सायलेन्सर काढा, मागचा गिअरबॉक्स सोडवा, ट्यूब मागे सरकवा.

आणि माझी प्लेट झिजलेलीच नव्हती! या गाड्यांत मूळ प्लेटच्या मध्यभागी झटके सोसायला स्प्रिंगांऐवजी रबर असायचं. तीस वर्षांनी ते रबर फाटतं. एके दिवशी सिग्नल सुटला, मी क्लच सोडला, ढब्ब असा आवाज, आणि गाडी जागची हललीच नाही. अस्तर अजून पाच वर्षं चाललं असतं. आता स्प्रिंगवाली घातलीय.

मुद्दा: जुन्या गाडीत वय बघा, नुसते किलोमीटर बघू नका.

लाल_मिरची (बुधवार)

टर्नरसाहेब, दंडवत.

काल रात्री खाली गेलो. रबरी टोपी सोलली आणि काळं पाणी माझ्या बाहीत. पांढरा शर्ट होता. (का होता ते विचारू नका.) वरच्या डबीतलं तेलही खुणेच्या खाली होतं.

वैदर्भीताई, तुमचं उत्तर: हो, क्लच पूर्ण दाबूनही पहिल्या गिअरमध्ये किंचित पुढे ओढते.

वैदर्भी (बुधवार)

हेच वाटलं होतं. मिआटाचा स्लेव्ह सिलिंडर हा उपभोग्य पदार्थ समजायचा. स्लेव्ह गेला की मास्टरही बदलून टाका, नाहीतर नवा स्लेव्ह नीट दाब धरतो आणि महिन्याभरात जुना मास्टर मान टाकतो. दोघं एकाच वयाचे.

लाल_मिरची (रविवार)

दोन्ही बदलले. ७५ डॉलर. पाइपातली हवा काढायला बायकोला पेडलवर बसवलं. संवाद असा:

"दाब."
"दाबलं."
"धर."
"धरलंय."
"सोड... अगं अजून नट बंद केला नाही!"
"तू सोड म्हणालास."
"मी स्वतःशी म्हणालो."

पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, गाडीचं सोड, आधी आपलं बघू. पण हवा गेली. आता रिव्हर्स लोण्यात सुरी जावी तसा पडतो. शेजारच्या आजी खिडकीत आल्या, आवाज नाही म्हणून परत गेल्या.

घसरणं मात्र तसंच आहे. उलट आता जास्त कळतं. गाडी सुटायला लागलीय, पण धरत नाही.

टर्नर_फिटर (सोमवार)

म्हणजे एक आजार ७५ डॉलरमध्ये गेला. आता उरलेल्याची खात्री करा. मोकळा रस्ता बघून चौथ्या गिअरमध्ये ३० मैलांवर या आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा गाडीबरोबर हळूहळू चढला तर क्लच शाबूत. काटा आधी पळाला आणि गाडी मागून आली तर प्लेट गेली. पुन्हा पुन्हा करू नका, जी काही उरलीय तीही जाळाल.

सोडताना गाडी थरथरते का?

लाल_मिरची (सोमवार)

काटा पळाला. आणि हो, थरथरते, विशेषतः गरम झाल्यावर.

टर्नर_फिटर (सोमवार)

मग प्लेटवर तेल असू शकतं. उघडल्यावर इंजिनाच्या मागच्या, तेल अडवणाऱ्या सीलकडे बघायचं. झिजलेली प्लेट बदलाल आणि गळकं सील तसंच ठेवाल तर नवी प्लेट सहा महिन्यांत जुनी.

वैदर्भी (सोमवार)

पण मिआटात मागचं तेल दिसलं की लगेच सीलला दोष देऊ नका. सिलिंडर हेडच्या अगदी मागे कॅम अँगल सेन्सर आहे, त्याची एवढीशी रबरी ओ-रिंग कडक होते आणि तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत बेलहाउसिंगवर येतं. खालून बघणारा म्हणतो सील गेलं. बेलहाउसिंग *बाहेरून* ओलं असेल तर ओ-रिंग, *आतून* ओलं असेल तर सील. मी पहिल्या वेळी फसले. क्लच दोनदा का केला, त्याचं अर्धं उत्तर हे.

स्वतः करणार असाल तर थोडं सांगते. कृती मॅन्युअलमध्ये आहे, मी फक्त रडण्याच्या जागा सांगते.

गिअर लिव्हर गाडीच्या आतून आधी काढायचा. शाफ्ट सोडवण्यापूर्वी फ्लँजवर पांढऱ्या रंगाची खूण करा, परत तसाच बसला पाहिजे. शाफ्ट बाहेर ओढला की गिअरबॉक्सच्या शेपटीतून तेल थेट तुमच्या तोंडावर. आधी तेल काढून घ्या, तरी शेपटीला प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड लावा.

मग ती लांब पट्टी, पॉवर प्लांट फ्रेम. तिला वायरिंगच्या क्लिपा आहेत, त्या विसरलात तर वायरी तुटतात. आणि ती काढली की इंजिन मागे झुकतं आणि तोच तो सेन्सर मागच्या भिंतीवर आदळतो. ऑइल पॅनखाली फळी ठेवून दुसरा जॅक लावा.

बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट दिसत नाहीत. हात पोचत नाही. गाडीच्या पोटाखालून, गिअरबॉक्सच्या वरून, दोन फुटांचं एक्स्टेन्शन आणि वळणारी गोटी (सॉकेट) लावून आंधळेपणाने शोधायचे. स्टार्टरचा वरचा बोल्ट त्याहून वाईट. मिशिगनचं मीठ खाल्लेल्या गाडीत तर आदल्या रात्री सगळ्यांना गंज सोडवणारं तेल पाजून ठेवा.

गिअरबॉक्स ३५-४० किलो. छातीवर घेऊ नका. मी घेतला होता. हे दुसरं अर्धं उत्तर नाही, पण सांगून ठेवते.

हिंजवडीचा_हमाल (सोमवार)

स्विफ्टबद्दलचे शब्द मागे घेतो.

शंकासुर (सोमवार)

एवढं वाचून मी दुसरी इलेक्ट्रिक बुक केली.

कॉव्हेंट्रीकर (मंगळवार)

पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक पेलतं ते) बदलायला विसरू नका. ते ओढून काढायचं हत्यार नसेल तर पावाची युक्ती आहे: बेअरिंगच्या भोकात ओला पाव ठासून भरायचा, आणि नेमक्या त्याच मापाच्या दांड्याने वर हातोडी मारायची. पाव मागून दाबतो आणि बेअरिंग आपोआप बाहेर येतं. ग्रीसनेही होतं पण पावाने घाण कमी होते.

कोकणी_खेकडा (मंगळवार)

लादी पाव की ब्राउन ब्रेड?

पेठकर_काका (मंगळवार)

पुण्यात एक ते चार बेकरी बंद असते, काम त्याप्रमाणे काढावे.

कोकणी_खेकडा (मंगळवार)

तांदळाची भाकरी चालेल का? आमच्याकडे कालची आहे. बेअरिंगच काय, गिअरबॉक्स निघेल.

वैदर्भी (मंगळवार)

पाव खाऊन टाका. मिआटाचं पायलट बेअरिंग फ्लायव्हीलमध्ये बसवलेलं असतं. फ्लायव्हील घासायला काढणारच आहात, मागून दांड्याने ठोकलं की निघतं.

किट मागवताना १.८ चंच मागवा. माझ्या १.६ ची प्लेट २०० मिलिमीटरची, तुमची २१५ ची. दुकानं सर्रास गोंधळ घालतात.

टर्नर_फिटर (मंगळवार)

आणि बेलहाउसिंग उघडल्यावर आत काळी भुकटी असेल. हवा मारून उडवू नका. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असायचं, आणि तुमच्या गाडीत आत काय घातलंय हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ब्रेक क्लीनरने ओलं करून फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आमच्या शॉपमध्ये उडवत होते सगळे. त्यातले दोघं शेवटी पाच पावलं चालले तरी धापा टाकायचे.

पेठकर_काका (मंगळवार)

हे आवर्जून लिहिलंत, बरं केलंत.

लाल_मिरची (रविवार)

पहिला शनिवार-रविवार झाला. वृत्तांत:

शनिवारी सकाळी ८ ला गाडी चार स्टँडवर. ११ पर्यंत लिव्हर, सायलेन्सरचा पाइप, शाफ्ट. पिशवी लावली होती. कोथिंबिरीची होती, बुडाला भोक होतं. तोंडावर नाही, कानात गेलं.

वरचे बोल्ट: चार तास. एक तर सापडायलाच ४० मिनिटं. शेवटी फोन व्हिडिओवर ठेवून आत सरकवला आणि बाहेर येऊन बघितलं, मग आठवणीवर पुन्हा हात घातला. स्टार्टरचा वरचा बोल्ट बायकोने काढला. तिचा हात बारीक आहे. तिने आता गाडीवर हक्क सांगायला सुरुवात केलीय.

शेजारचा डेट्रॉइटमध्ये ट्रान्समिशनच्या कारखान्यात होता, त्याने जॅक धरला. गिअरबॉक्स रात्री ९ ला खाली.

आत काय दिसलं: प्लेट रिव्हेटपर्यंत आलेली, एका बाजूला रिव्हेटनी फ्लायव्हीलवर चकचकीत गोल ओढलेत. निळसर डागही आहेत. आणि फ्लायव्हीलच्या मागे ओलं. बेलहाउसिंग बाहेरूनही ओलं, आतूनही ओलं.

वैदर्भी (रविवार)

म्हणजे दोन्ही. अभिनंदन. ओ-रिंगही घ्या, सीलही घ्या.

टर्नर_फिटर (सोमवार)

रिव्हेटच्या डोक्यावर ०.३ मिलिमीटर अस्तर उरलं की प्लेट बदलायची असते. तुम्ही खालून बोगदा काढलात. निळे डाग म्हणजे पोलाद तापलं होतं. घरी पॉलिश पेपर मारत बसू नका, फ्लायव्हील मशीन शॉपला द्या. सील बसवताना जुनंच सील उलटं धरून चहूबाजूंनी सारखं ठोका. तिरकं गेलं तर सगळं परत.

फ्लायव्हीलचे बोल्ट समोरासमोर आवळा, शेवटचा टॉर्क १०० न्यूटन-मीटरच्या आसपास. प्रेशर प्लेटचे मात्र २० च्या घरात, तिथे जोर दाखवायचा नाही. आणि तेही एक एक वळसा, गोल फिरत, नाहीतर तिची स्प्रिंग, म्हणजे डायफ्रॅम, वाकतो.

लाल_मिरची (शनिवार)

फ्लायव्हील घासून आलं, ५० डॉलर. सील बसलं. ओ-रिंग बसली. प्लेट, प्रेशर प्लेट, नवं बेअरिंग, मध्यभाग धरायचं प्लास्टिकचं हत्यार, सगळं लावून फोटो टाकतोय. बोल्ट हाताने लावलेत, टॉर्क उद्या सकाळी. पाठ गेली. गुड नाइट.

कॉव्हेंट्रीकर (शनिवार)

सुरेख! फ्लायव्हील आरशासारखं.

टर्नर_फिटर (रविवार)

थांबा.

बोल्ट आवळू नका. फोटो तिसरा मोठा करून बघा. प्लेटचा फुगीर भाग, ज्यात स्प्रिंगा आहेत, तो फ्लायव्हीलकडे दिसतोय. तो गिअरबॉक्सकडे, म्हणजे प्रेशर प्लेटकडे हवा. प्लेट उलटी आहे.

वैदर्भी (रविवार)

अरे देवा. हो. उलटी आहे. दोनदा का केलं त्याचं हे दुसरं अर्धं उत्तर. मी तशीच बंद करून, गिअरबॉक्स लावून, तेल भरून, चालू करून मग कळलं की क्लच सुटतच नाही.

मिरची, जागे व्हा!!

कोकणी_खेकडा (रविवार)

मिशिगनमध्ये आत्ता किती वाजलेत? कुणी त्यांच्या शेजारच्या आजींना ओळखतं का?

लाल_मिरची (रविवार)

कॉफी घेऊन बसलो होतो, टॉर्क पाना मांडीवर. सवयीने धागा उघडला.

प्लेटवर छापलंय, "फ्लायव्हील साइड". आता दिसलं. काल दिव्याच्या दुसऱ्या बाजूला होतं.

टर्नरसाहेब, तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळ असेल. चिंचवडहून मिशिगनच्या गॅरेजातली प्लेट सरळ केलीत. काय बोलू.

टर्नर_फिटर (रविवार)

काही बोलू नका, प्लेट फिरवा. १९८६ साली मी टेम्पोची उलटी लावली होती. फोरमन काय म्हणाला ते इथे लिहिलं तर आयडी उडेल.

लाल_मिरची (सोमवार)

मंडळी, चालली!!!

गिअरबॉक्स बसवताना शाफ्ट प्लेटमध्ये जाईना. एक तास. मग शेजाऱ्याने मागून शेपटीचा दांडा किंचित फिरवला आणि ठक् करून आत. तो आवाज मी रिंगटोन म्हणून लावायला तयार आहे.

पहिल्यांदा काढली तेव्हा अंगणाच्या टोकालाच बंद पडली, कारण आता क्लच वेगळ्याच जागी धरतो आणि माझा पाय जुन्या क्लचला सरावलेला. दुसऱ्यांदा निघालो. पाचव्या गिअरला पाय दाबला आणि मान सीटला टेकली. ५०० मैल सांभाळून चालवायचं असं किटच्या कागदावर लिहिलंय. आज फक्त एकदा विसरलो.

हिशेब, कारण मूळ प्रश्न तोच होता: किट १६०, दोन सिलिंडर ७५, सील आणि ओ-रिंग २०, गिअर ऑइल ३०, फ्लायव्हील ५०. एकूण ३३५ डॉलर. शिवाय हत्यारं २१०, पण ती "गुंतवणूक" या सदरात आहेत. शेजाऱ्याला मिसळ. त्याने तर्री दोनदा मागितली आणि रात्री फोन करून काहीबाही बोलला.

शंकासुर (सोमवार)

आणि दोन आठवड्यांच्या सुट्ट्या? तुमच्या तासाचा दर धरला तर १४५० स्वस्त पडले असते.

कॉव्हेंट्रीकर (सोमवार)

शंकासुर, मग मासे पकडायला जाणाऱ्याला बाजारभाव सांगून या एकदा.

पेठकर_काका (सोमवार)

शंकासुरांचा मुद्दा हिशेबाला धरून आहे, उडवू नये. पाठीचं दुखणं असलेल्याने, एकट्याने, रोजच्या एकुलत्या गाडीवर हे करू नये. गॅरेजला खुशाल द्यावी. फक्त जुनी प्लेट परत मागून घ्यावी आणि सील बघितलं का ते विचारावं. मिरचींकडे दुसरी गाडी होती म्हणून दोन आठवडे निभले.

लाल_मिरची (सोमवार)

काका, शंभर टक्के. आणि पहिल्याच दिवशी गॅरेजला दिली असती तर रिव्हर्सची खर्रर्र ही क्लचच्या बिलात गेली असती. ती ७५ डॉलरची होती हे मला इथे कळलं.

बायको म्हणते विकायची नाही. उद्या ती चालवणार आहे.

वैदर्भी (सोमवार)

मस्तच! एक शेवटचं. गिअर लिव्हर परत लावताना त्याच्या खालच्या डबीत तेल टाकलंत ना? ती वेगळी असते, गिअरबॉक्समध्ये भरलेलं तेल तिथे पोचत नाही.

लाल_मिरची (सोमवार)

कुठली डबी?

वैदर्भी (सोमवार)

लिव्हरचं रबर काढा, खालचे तीन बोल्ट काढा, लिव्हर वर ओढा. भोक दिसेल. ८०-९० मिली. गाडीच्या आत बसूनच होतं, स्टँडवर चढवायची नाही. आतलं छोटं रबर फाटलं असेल तर तेही बदला, नाहीतर गरम हवा मांडीवर येते.

लाल_मिरची (मंगळवार)

टाकलं. मोजायला काही नव्हतं, मुलीच्या खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं झाकण होतं. नऊ झाकणं.

आता नवं झाकण आणायला फार्मसीत चाललोय. बायको चालवतेय.